व्हॅलिडेटर बंद पडला म्हणून ३२ इथर जप्त होत नाहीत

‘इथेरियमचा व्हॅलिडेटर तासभर जरी ऑफलाइन गेला, तरी ३२ इथर जप्त’ असा मेसेज सध्या फिरतो आहे. तो चुकीचा आहे. (इथेरियम हे ब्लॉकचेन नेटवर्क आणि इथर हे त्याचं चलन; व्हॅलिडेटर म्हणजे इथर तारण ठेवून तिथले व्यवहार तपासणारा सहभागी.)

प्रत्येक व्हॅलिडेटरला दर एपॉकला, म्हणजे ६.४ मिनिटांतून एकदा, ब्लॉकवर (व्यवहारांच्या गठ्ठ्यावर) मत द्यावं लागतं. मत चुकलं तर दंड होतो, पण तो साधारण त्या मताच्या कमाईएवढाच. त्यामुळे दिवसभर वीज नसली तरी पुढच्या जवळपास दिवसभराच्या कमाईत नुकसान भरून निघतं. अपवाद एकच: एक तृतीयांशाहून जास्त व्हॅलिडेटर एकदम बंद पडून फायनॅलिटी (ब्लॉक कायमचे पक्के होणं) थांबली, तर गैरहजर असलेल्यांची रक्कम वेगाने झिजू लागते.

स्लॅशिंग, म्हणजे नियम मोडल्याबद्दल तारण कापून व्हॅलिडेटरला बाहेर काढणं, वेगळं. एकाच स्लॉटसाठी (एका ब्लॉकसाठी ठरलेल्या वेळेसाठी) दोन ब्लॉक मांडले किंवा परस्परविरोधी मतांवर सही केली, तरच ते होतं. यात चोरीपेक्षा अतिकाळजी जास्त नडते: ‘बॅकअप’ म्हणून तीच की (सही करण्याची गुप्त किल्ली) दुसऱ्या मशीनवरही चालू ठेवली जाते, आणि दोन्हीकडून सह्या होतात. इथेरियमच्या मे २०२५च्या पेक्ट्रा अपग्रेडनंतर सुरुवातीचा दंड रकमेच्या १/४०९६ इतकाच आहे. पण व्हॅलिडेटर कायमचा बाहेर पडतो, पैसे किमान ३६ दिवस अडकतात आणि त्याच सुमारास अनेकजण स्लॅश झाले असतील तर दंड चढत जातो.

मशीन बदलताना आधी जुनी बंद करा, तिच्यावरची की काढून टाका, स्लॅशिंग-प्रोटेक्शनची फाइल (आधी केलेल्या सह्यांची नोंद) नव्या मशीनवर घ्या. मग दोन-तीन एपॉक मतं खरंच चुकताहेत ना, म्हणजे जुनी मशीन खरंच थांबली आहे ना, हे एक्सप्लोररवर (नेटवर्कच्या नोंदी दाखवणाऱ्या साइटवर) पाहा आणि त्यानंतरच नवी मशीन सुरू करा. या वीस मिनिटांचा तोटा नगण्य आहे.