सात हालीला सहा कलदार

गेल्या रविवारपासून माझ्या सहा पानी तक्त्याला कांदाभज्यांचा वास येतोय. तो मी तीन रात्री जागून केला होता. दोन रुपये पान या दराने छापून आणला होता, वर स्टेपलही मारलं होतं. डंजन्स अँड ड्रॅगन्स या फासे टाकून, आपापलं पात्र घेऊन खेळायच्या खेळाच्या निरनिराळ्या आवृत्त्यांतली पात्रं एका टेबलावर कशी नांदवायची, याचा तो हिशोब होता.

लातूरच्या गंजगोलाईला सोळा रस्ते येऊन मिळतात. आमच्या टेबलावर तीनच मिळाले, पण कोंडी तेवढीच झाली. एकाने चुलतभावाच्या झेरॉक्सवरून 1989च्या दुसऱ्या आवृत्तीतला पाचव्या लेव्हलचा फायटर, म्हणजे योद्धा, आणला. दुसऱ्याचा विझार्ड, म्हणजे जादूगार, 2003च्या साडेतीन नंबरच्या आवृत्तीतला. तिसरीची क्लेरिक, म्हणजे पुजारीण, 2014च्या पाचव्या आवृत्तीतली. चौथा गडी 2014 आणि तिचीच सुधारलेली 2024 अशी दोन्ही पुस्तकं उघडी ठेवून दोन्ही दगडींवरची साय खाणारा. 2008ची चौथी आवृत्ती कुणी आणली नाही, ही सिद्धेश्वराची कृपा. तिच्यात कॉन्स्टिट्यूशन, म्हणजे काटकपणा, 14 असलेला फायटर पहिल्याच लेव्हलला 15 अधिक 14, म्हणजे 29 हिट पॉइंट, म्हणजे किती मार सोसणार तो आकडा, घेऊन उभा राहतो. पाचव्या आवृत्तीत तोच गडी 10 अधिक 2, म्हणजे 12. यांना शेजारी शेजारी उभं केलं तर गॉब्लिनलासुद्धा कीव येईल.

मी फायटरपासून सुरुवात केली. "याचा एसी 2 आहे," एवढंच म्हणालो आणि दारातून आवाज आला, "दोन एसी? अन् लाइटबिल किती येतंय?"

खालच्या मजल्यावरचे मामा भज्यांचं ताट घेऊन उभे होते. मामा निवृत्त मंडळ अधिकारी. निवृत्त फक्त कागदावर. समोर कागद दिसला की त्यावर कुणाचं नाव लागलंय आणि कुणाचं लागायला पाहिजे होतं, हे बघितल्याशिवाय त्यांना चहा गोड लागत नाही.

"का करलालाव रे पोरंहो?"

"गेम आहे मामा. मी डीएम."

मामा दचकले. "डीएम म्हणजे जिल्हादंडाधिकारी. तू?" मी सांगितलं, डंजन मास्टर, म्हणजे खेळ चालवणारा. त्यांनी ऐकून घेतलं, पण चेहऱ्यावर 'प्रभारी असेल' असा भाव कायम राहिला. मग खुर्ची ओढून बसले आणि आधी चार बाजूंचा फासा उचलून बघितला. "याचं टोक वर राहतंय. आकडा वाचायचा कुठला?" हा प्रश्न मात्र रास्त आहे. कुठल्या फाशावर आकडा खालच्या कडेला असतो, कुठल्यावर टोकाशी. रात्री अनवाणी पायाखाली आला तर दोन्ही सारखेच.

मी तक्ता समजावू लागलो. एसी म्हणजे आर्मर क्लास, चिलखताचा आकडा. जुन्या आवृत्तीत तो जितका कमी तितकं चिलखत भक्कम, म्हणून 20मधून वजा करायचा. 2चा झाला 18. थॅको, म्हणजे शून्य एसीवाल्याला मार लागायला फाशावर पडायला हवा तो आकडा, त्याचंही तसंच: 20 वजा 16, हल्ल्याला अधिक 4. विषय संपला, असं मला वाटलं.

"अंगावर का हाय याच्या?" मामांनी विचारलं.

"प्लेट आणि ढाल."

"नव्या पुस्तकात प्लेट अन् ढालीचा का भाव?"

मी पान उलटलं. 18 अधिक 2. वीस.

"मग दोन कुठं गेले? लोखंड तेच हाय ना?"

क्लेरिकवाली हसली. मला घाम फुटला. मामांनी तोवर तक्ता पुढ्यात ओढून त्यावर ताट ठेवलं होतं.

"आमचे आजोबा सांगायचे," मामा म्हणाले, "निजामाच्या राज्यात हाली शिक्का चालायचा. सात हालीला सहा कलदार. हिशोब बरोबर. पण माणूस सोलापुरात उतरला की पहिलं इचारायचा, इथं भाकर कितीला? तू नुसता हिशोब केलास. या बिचाऱ्याच्या भाकरीचं बघ की."

आणि इथेच माझं पित्त खवळलं, कारण भाकर खरंच कमी पडत होती. स्ट्रेंग्थ, म्हणजे ताकद, 16ला दुसऱ्या आवृत्तीत हल्ल्यासाठी शून्य मिळतं, पाचवीत अधिक 3. पाचव्या लेव्हलचा प्रोफिशिअन्सी बोनस, म्हणजे सरावाचे वाढीव गुण, तेही 3. म्हणजे नव्या कायद्याने अधिक 6, माझ्या तक्त्याने अधिक 4. नवीन फायटर या लेव्हलला एका पाळीत दोनदा मारतो, जुना एकदाच. जुन्याचे हिट पॉइंट पाच वेळा दहाबाजूचा फासा टाकून सरासरी सत्तावीस-अठ्ठावीस. नव्याला कॉन्स्टिट्यूशन 14वर सरासरीच घेतली तरी 44. तीन रात्री जागून मी एका बऱ्यापैकी योद्ध्याचा होमगार्ड केला होता.

विझार्डचं उलटं. साडेतीनमध्ये तो अदृश्य होऊन, उडत, वर हेस्ट, म्हणजे वेग वाढवायचा मंत्र, लावून फिरू शकतो. पाचवीत या तिन्ही मंत्रांना कॉन्सन्ट्रेशन, म्हणजे टिकवून धरायची एकाग्रता, लागतं आणि ते एका वेळी एकाच मंत्राला मिळतं. त्यावर तो रुसला, म्हणून मी दाखवलं की त्याचा फायरबॉल, म्हणजे आगीचा गोळा, पाचव्या लेव्हलला पाचच फाशांचा होता, इकडे सरळ आठ. तो लगेच निवळला. त्याच्याकडे नऊ हजार सोन्याच्या नाण्यांचं जादूचं सामानही होतं. साडेतीनच्या तक्त्यात त्या लेव्हलला तेवढं धरलेलंच असतं. नव्यात अट्यूनमेंट, म्हणजे वस्तूशी जादूची सांगड, लागणाऱ्या वस्तू एकावेळी तीनच. बाकीच्या गाठोड्यात.

उरला साय खाणारा. 2014च्या वंशाचे अधिक 2 घेतले, 2024च्या बॅकग्राउंडचे, म्हणजे पात्राच्या पूर्वायुष्याचे, पण अधिक 2 घेतले, आणि 15च्या स्ट्रेंग्थचे 19 करून साळसूद बसला होता. नियम स्पष्ट आहे: जुना वंश नव्या बॅकग्राउंडबरोबर घेतला तर वंशाचे वाढीव आकडे सोडायचे. मी तोंड उघडायच्या आत मामा म्हणाले, "दोन गावांत दोन रेशनकार्डं. एक जमा कर." त्याने मुकाट्याने खोडलं. मी हेच महिनाभर सांगतोय. मला म्हणायचा, "बघू, डीएम."

मग मामांनी निकाल दिला. जुन्या उताऱ्यावर खाडाखोड करायची नाही. नाव, क्लास, लेव्हल आणि एक जिव्हाळ्याची वस्तू तेवढी ठेवायची, बाकी नव्या पुस्तकावरून कोरा कागद भरायचा. "नवा फेरफार घे. जुना कागद फायलीला." फायटरवाल्याने आजोबांची तलवार ठेवली आणि 2024च्या पुस्तकावरून वीस मिनिटांत सगळं लिहून काढलं. क्लेरिकवालीला तर त्यात फायदाच झाला. तिचं क्युअर वूंड्स, जखमा भरायचा मंत्र, एका आठबाजूच्या फाशावरून दोनावर गेलं.

ही युक्ती मलाही माहीत होती. पात्र बदलत बसण्यापेक्षा नव्याने बांधलेलं सोपं पडतं, हे मीच यांना दोनदा सांगितलं होतं. पण मी सांगितलं की चर्चा होते, मामांनी सांगितलं की नोंद होते. डीएम कोण, असं पुन्हा कुणी विचारलं नाही, तेही बरंच.

जाताना मामांनी उरलेली भजी माझ्या तक्त्याच्या चौथ्या पानात, थॅकोच्या रकान्यात, बांधून घेतली. जिन्यातून हाक आली, "पुढच्या रविवारी जरा जाड कागद आण रे, हा लई तेल पितोय."