हा बरा की हा?

परवा मला चाळिशी लागली. वय त्रेचाळीस, डोळ्यातलं भिंग ताठरतंच, त्याबद्दल तक्रार नाही. पण तपासणाऱ्या मुलीच्या आधी बाकावरच्या आजींनी ते जाहीर केलं, हे मला अजून पचलेलं नाही.

तक्ता सहा मीटरवरून वाचायचा असतो. दुकानच जेमतेम दहा फुटांचं. म्हणून उलट्या अक्षरांचा तक्ता माझ्या डोक्यामागे, समोर आरसा, आणि आरशात तक्त्याच्या खाली बसलेल्या आजी. स्नेलेन नावाच्या डच डॉक्टरने 1862 साली हा तक्ता काढला तेव्हा त्याने आजी धरल्या नसणार.

नाकावर ती वाटोळी, जड फ्रेम. मुलगी खाचेत एकेक काच सरकवत पाव-पाव नंबराने पुढे चाललेली. ‘‘सहावी ओळ वाचा, काका.’’ (काका!)

‘‘ई, डी, एफ, सी... दोन?’’

‘‘झेड!’’ आजी.

‘‘आजी, त्यांना वाचू द्या ना.’’

‘‘अगं, पण तो आकडे वाचतोय! मोतीबिंदू काढल्यापासून चौथी खेप माझी. डोळे मिटून म्हणते बघ.’’ आणि खरंच डोळे मिटून त्यांनी वरपासून सगळा तक्ता म्हटला, शेवटी शुभंकरोती संपल्यासारखे हातही जोडले. मग मला, ‘‘तू काय करतोस रे?’’

‘‘मुद्रितशोधन.’’

आजींनी मुलीकडे पाहिलं. ‘‘अरे देवा.’’

मग जवळचं कार्ड हातात आलं. ‘‘हा बरा की हा?’’ टक. ‘‘की हा?’’ टक. सुरुवातीला फरक कळतो. पण शेवटच्या पाव नंबराला दोन्ही काचा मला अगदी सारख्या. तसं सांगितलं, तर ‘‘नीट बघून सांगा, काका.’’ सारखं दिसतं हे उत्तर नसतंच का? रक्त तपासताना कुणी विचारतं का, साखर एकशे दहा बरी वाटते की एकशे पंधरा? इथे मात्र मोजमाप मीच द्यायचं, आणि चुकलं तर नंबर माझ्याच नाकावर.

‘‘पहिलाच घे रे,’’ आजी म्हणाल्या. निव्वळ ईर्ष्येने मी दुसरा म्हटलं.

वर लांबचं, खाली जवळचं, मधे हळूहळू बदलत जाणारं असं प्रोग्रेसिव्ह भिंग गळ्यात मारलं. साडेसहा हजार. ‘‘आठवड्यात सवय होईल.’’ आज बारावा दिवस. जिना उतरताना खालची पायरी अजून तरंगते, आणि काल एका प्रुफात ‘पाणी’चं ‘पाजी’ सुटून गेलं.