थार रॉक्स: ‘ऑफ-रोडला टॉप मॉडेलच लागतं’ हा सल्ला कुठे कुठे चुकतो

थार रॉक्स, म्हणजे महिंद्राची पाच दारांची थार, घ्यायचा विचार घरात सुरू झाला की कुणीतरी एक मेसेज पाठवतंच. शब्द थोडेफार बदलतात, मजकूर तोच असतो: खरा फोर बाय फोर (चारही चाकांना इंजिनाची ताकद) हवा तर टॉपचं एएक्स७एलच घ्या, त्याची १९ इंची चाकं मोठी म्हणून गाडी जास्त चढते, खालच्या मॉडेलांत सेफ्टी काढून घेतलेली आहे, मॅन्युअल चिखलात कुचकामी, आणि तेवढं बजेट नसेल तर सरळ एमएक्स१ घ्या, लिफ्ट किट (गाडी उंच करणारे सुटे भाग) आणि मोठे टायर टाका, फोर बाय फोरची गरजच राहत नाही. या पाचही वाक्यांवर लोक लाखांनी पैसे खर्च करतात, म्हणून प्रत्येकाकडे नीट बघायला हवं.

‘खरा फोर बाय फोर टॉपलाच मिळतो’

रॉक्सची व्हेरिएंट दोन ओळींत आहेत: एमएक्स१, एमएक्स३, एमएक्स५ आणि एएक्स३एल, एएक्स५एल, एएक्स७एल. ऑगस्ट २०२४मध्ये गाडी आली तेव्हा फक्त मागच्या चाकांवर चालणाऱ्या मॉडेलांच्या किमती जाहीर झाल्या. फोर बाय फोरच्या किमती सप्टेंबर २०२४मध्ये आल्या आणि तेव्हा पर्याय चारच होते: एमएक्स५ मॅन्युअल १८.७९ लाख, एएक्स५एल ऑटोमॅटिक २०.९९ लाख, एएक्स७एल मॅन्युअल २०.९९ लाख आणि एएक्स७एल ऑटोमॅटिक २२.४९ लाख, सगळ्या एक्स-शोरूम. पुढे किमती बदलल्या, म्हणून आजचा आकडा शोरूममधूनच घ्या. चारही डिझेल आहेत. पेट्रोल रॉक्स कितीही वरची घेतली तरी ती टू व्हील ड्राइव्हच. ‘टॉप म्हणजे फोर बाय फोर’ असं धरून पेट्रोल एएक्स७एल बुक करणारा इथेच फसतो.

एमएक्स५ फोर बाय फोरमध्ये फोर-लो, म्हणजे कमी वेगात जास्त ओढ देणारा गिअर, आहे आणि मागच्या डिफरन्शियलचं (डाव्या-उजव्या चाकांत फिरणं वाटून देणारा भाग) इलेक्ट्रॉनिक लॉकही आहे. गाडी अडते तिथे नेमकं हेच लॉक कामाला येतं. तिरपा खड्डा डोळ्यांसमोर आणा: पुढचं डावं चाक खड्ड्यात लोंबकळतंय, मागचं उजवं जमिनीपासून वीतभर वर उचललं गेलंय. साधं डिफरन्शियल ज्या चाकाला अडथळा कमी त्याच्याकडे फिरणं जाऊ देतं, म्हणून हवेतलं चाक गरगरतं आणि जमिनीवरचं ढिम्म हलत नाही. मागचं लॉक लागलं की दोन्ही मागची चाकं एकाच वेगाने फिरतात आणि जमिनीवरचं चाक गाडी ढकलतं.

लॉक वापरायची रीत महत्त्वाची. अडथळ्याच्या आधी थांबा, फोर-लो टाका, लॉकचं बटण दाबा, मीटरमधला दिवा लुकलुकायचा थांबून स्थिर होऊ द्या, मग सरळ जा. अडथळा संपला की वळण्याआधी लॉक काढा. चाक गरगरत असताना बटण दाबलं तर लॉकच्या दातांवर हिसका बसतो. लॉक ठेवून कडक रस्त्यावर वळलात तर गाडी सरळ रेटत राहते आणि ताण अ‍ॅक्सलवर येतो. फोर-हायचंही, म्हणजे नेहमीच्या वेगातल्या फोर बाय फोरचंही, तसंच आहे. ही पार्ट-टाइम यंत्रणा आहे, पुढचा आणि मागचा शाफ्ट जखडलेला असतो. कोरड्या डांबरी रस्त्यावर फोर-हाय ठेवून फिरू नका.

वरच्या मॉडेलांत जास्तीचं काहीच नाही असं अजिबात नाही. क्रॉलस्मार्ट म्हणजे खडकाळ वाटेवर गाडी स्वतःहून गोगलगायीच्या वेगाने सरकत राहते. इंटेलिटर्न आतलं मागचं चाक धरून वळण लहान करतं. २८५० मिमी व्हीलबेसच्या (पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर) गाडीला अरुंद वाटेवर त्याचा चांगला उपयोग आहे. पण ही दोन्ही ऑटोमॅटिक फोर बाय फोरसोबत येतात, आणि ऑटोमॅटिक फोर बाय फोर एएक्स५एललाही मिळतो. एएक्स७एलचं खरं स्वतःचं म्हणजे पॅनोरॅमिक सनरूफ, थंड होणाऱ्या सीट, हर्मन कार्डनचे स्पीकर आणि ३६० अंशांचा कॅमेरा. यातला कॅमेरा मात्र ऑफ-रोडला कामाचा आहे. चढाच्या माथ्यावर बॉनेटपुढे नुसतं आकाश दिसत असताना खालची वाट तो दाखवतो. मॅन्युअल एमएक्स५वाल्याने त्या जागी एक माणूस खाली उतरवावा आणि त्याच्या हाताच्या खुणांवर गाडी काढावी. कॅमेऱ्यावर चिखल उडाल्यावर टॉपवाल्यालाही तेच करावं लागतं.

‘१९ इंची चाकं मोठी, म्हणून जास्त चढते’

या वाक्याला साध्या गणिताने उत्तर देता येतं. एमएक्स५ आणि एएक्स५एलला २५५/६५ आर१८ टायर आहेत, एएक्स७एलला २५५/६० आर१९. यात पहिला आकडा टायरची रुंदी मिमीत, दुसरा टक्के आणि शेवटचा रिमचा व्यास इंचात. साइडवॉलची, म्हणजे टायरच्या बाजूच्या भिंतीची, उंची म्हणजे रुंदीच्या तेवढे टक्के. १८ इंचीचं साइडवॉल १६५.७५ मिमी आणि १९ इंचीचं १५३ मिमी. रिमचा व्यास धरून पूर्ण टायरचा व्यास काढला तर पहिल्याचा ७८८.७ मिमी येतो, दुसऱ्याचा ७८८.६. म्हणजे चाक मोठं झालेलंच नाही. रिम मोठं झालं आणि तेवढं रबर कमी झालं. गाडी एका मिलिमीटरनेही उंच होत नाही, उलट पावणेतेरा मिमी उशी गेली.

चिखलदगडात ती उशी फार मोलाची असते. हवा कमी केली की टायर पसरतो, जमिनीला टेकणारा पट्टा लांबतो आणि पकड वाढते. मऊ वाळूत किंवा सैल मातीत १८ ते २० पीएसआय हे सुरुवातीला धरायचं माप. १५च्या खाली गेलं की टायर रिमवरून निसटायचा धोका असतो, आणि वळताना तो पटकन निसटतो. साइडवॉल बुटकं असलं की हवा उतरवायला वाव कमी मिळतो आणि दगडाच्या धारेवर रिमची कड थेट आपटते. अलॉयची कड वाकली किंवा तडकली की टायर चांगला असूनही हवा राहत नाही, आणि गावातला पंक्चरवाला तिथे काही करू शकत नाही. परत डांबरी रस्त्यावर येण्याआधी दाराच्या खांबावरच्या स्टिकरवर लिहिलेल्या मापापर्यंत हवा भरा. कमी हवेवर हायवेला पळवलं तर साइडवॉल तापून फाटतं. पोर्टेबल कॉम्प्रेसर थेट बॅटरीला चिमटे लावणारा घ्या. सिगारेट लायटरच्या सॉकेटवरचा छोटा पंप एवढ्या टायरला रडतखडत हवा भरतो, त्यात फ्यूजही उडतो.

आपल्याकडे मातीही टायरची निवड ठरवते. देशावरची काळी चिकण माती पावसात टायरच्या खाचा भरून टाकते आणि दोन फेऱ्यांत टायर गुळगुळीत होतो. तिथे हवा कमी करण्यापेक्षा मोठ्या, उघड्या खाचांचा ऑल-टेरेन टायर जास्त उपयोगी, कारण चाक फिरताना तो माती झटकतो. कोकणातल्या जांभ्याच्या लाल वाटेवर चिखल पातळ आणि खाली दगड, तिथे साइडवॉल मजबूत हवं. १८ इंचीत असे टायर निवडायला जास्त मिळतात. ज्यांनी एएक्स७एल घेतलंच आहे त्यांनी घाबरू नये. पूर्ण व्यास सारखा असल्याने १८ इंची संच लावला तरी स्पीडोमीटर फसत नाही. फक्त रिम ब्रेकच्या कॅलिपरला घासत नाही ना, हे एक चाक बसवून हाताने फिरवून पाहा.

अडथळ्याचे कोन (किती तिरपा अडथळा पुढून, मागून किंवा पोटाखालून न टेकता पार होतो) सगळ्या रॉक्सना सारखेच: पुढचा ४१.७ अंश, मागचा ३६.१, मधला २३.९. पाण्यातून जायची मर्यादा ६५० मिमी. पुढचा कोन भरपूर आहे, गाडी अडते ती मधल्यावर. तीन दारांच्या थारपेक्षा व्हीलबेस ४०० मिमी लांब असल्याने उंचवट्यावर रॉक्स पोटावर बसते. साइड स्टेप लावल्या असतील तर आधी त्याच टेकतात. असा उंचवटा सरळ न चढता तिरपा घ्या, एकेक चाक वर चढवत.

‘खालच्या मॉडेलांत सेफ्टी नाही’

हे साफ खोटं आहे. सहा एअरबॅग आणि ईएससी (गाडी घसरू लागली की ब्रेक लावून सावरणारी यंत्रणा) एमएक्स१पासून सगळ्यांना आहे. नोव्हेंबर २०२४मध्ये भारत एनकॅपने, म्हणजे गाड्यांच्या सरकारी धडक-चाचणीने, रॉक्सला पाच तारे दिले: मोठ्यांसाठी ३२पैकी ३१.०९ आणि मुलांसाठी ४९पैकी ४५. चाचणीला एमएक्स३ आणि एएक्स५एल होत्या, टॉप मॉडेल नव्हतं. लेव्हल २ एडास, म्हणजे कॅमेरा-रडारने चालकाला मदत करणारी यंत्रणा, तर एएक्स३एललाही मिळतं.

‘मॅन्युअल चिखलात कुचकामी’

मॅन्युअल नवख्याला जड जातं, एवढंच खरं. अर्धा क्लच दाबून गाडी चढावर तोलत राहिलं की प्लेट जळते, आणि तो जळका वास आला म्हणजे नुकसान सुरू झालेलं असतं. फोर-लोमध्ये पहिल्या गिअरला क्लच पूर्ण सोडा आणि इंजिनाला खेचू द्या, डिझेलच्या ३३० न्यूटन मीटरला तेवढं सहज जमतं. चढावर इंजिन बंद पडलं तर गडबडून क्लच दाबू नका, गाडी मागे सुटेल. आधी ब्रेक घट्ट, मग क्लच दाबून रिव्हर्स टाका, इंजिन सुरू करा, क्लच सोडा, मग हळूहळू ब्रेक सोडा. इंजिनच गाडीला धरून खाली आणतं. स्टिअरिंग सरळच ठेवा. तिरप्या उतारावर मागे वळलेली गाडी उलटते.

ऑटोमॅटिक चढायला सोपा, कारण टॉर्क कन्व्हर्टर गाडी धरून ठेवतो, आणि फोर बाय फोर ऑटोमॅटिकमध्ये डिझेल १७५ पीएस, ३७० न्यूटन मीटर देतं. पण वाळूत तासभर रेटलं तर गिअरबॉक्सचं तेल तापतं. इशारा आला तर न्यूट्रलमध्ये इंजिन चालू ठेवून थांबा, लगेच बंद करू नका, तेल फिरत राहिलं तरच थंड होतं. लांब उतारावर मात्र मॅन्युअलची पकड साधी आणि भरवशाची.

जाहीर झाल्या तेव्हा एएक्स५एल ऑटोमॅटिक आणि एएक्स७एल मॅन्युअल, दोन्ही फोर बाय फोर एकाच किमतीला होत्या. गाडी रोज पुण्या-मुंबईच्या ट्रॅफिकमध्ये आणि महिन्यातून एकदा डोंगरात जाणार असेल तर एएक्स५एल घ्यावी. १८ इंची टायर आणि क्रॉलस्मार्ट दोन्ही त्यात मिळतात.

‘एमएक्स१ घ्या, लिफ्ट किट टाका’

सगळ्यात जास्त नुकसान या सल्ल्याने होतं. एमएक्स१ ही चांगली गाडी आहे, पण तिला फोर-लो नाही आणि पुढच्या चाकांना ताकद जात नाही. लिफ्ट किट उंची देतं, ओढायची ताकद देत नाही. उंच केलेली टू व्हील ड्राइव्ह ओल्या चढावर तिथेच गरगरते जिथे न उचललेली गरगरत होती, फक्त आता तिचा तोल वर गेलेला असतो. मोठ्या टायरने गिअरिंग लांब होतं, म्हणजे कमी वेगातली ओढ उलट घटते. प्रोपेलर शाफ्टच्या जोडांचा कोन बदलतो, हेडलाइट समोरच्याच्या डोळ्यांत जातात, ईएससी ज्या उंचीवर जुळवलेलं असतं ती उंची राहत नाही. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ कंपनीने ठरवलेल्या तपशिलांपासून वेगळा बदल करू देत नाही, आणि अपघातानंतर विमा कंपनीचा सर्व्हेअर नेमकं तेच शोधतो. बाहेरून फोर बाय फोर बसवायचा तर ट्रान्सफर केस, पुढचं डिफरन्शियल, अ‍ॅक्सल, हब आणि त्यांची इलेक्ट्रॉनिक्स सगळंच लागतं. तो खर्च आणि आरटीओची कटकट करण्यापेक्षा थेट एमएक्स५ फोर बाय फोर परवडते.

एमएक्स५ मॅन्युअल आणि एएक्स७एल मॅन्युअल यांच्यात जाहीर किमतीचा फरक २.२० लाखांचा होता. शिवाय महाराष्ट्रात डिझेल गाडीला १० ते २० लाखांच्या टप्प्यात १४ टक्के आणि २० लाखांवर १५ टक्के रोड टॅक्स बसतो. तेवढ्यात पाच ऑल-टेरेन टायर (स्टेपनी धरून), कॉम्प्रेसर, नऊ मीटरचा कायनेटिक रोप (ताणला जाणारा ओढायचा दोर), तो अडकवायच्या ४.७५ टनांच्या दोन बो-शॅकल, चाकाखाली सारायच्या ट्रॅक्शन बोर्डची जोडी, फावडं आणि जाड हातमोजे बसतात आणि पैसे उरतात. रोप फक्त चॅसिसवरच्या रिकव्हरी पॉइंटला लावा. ट्रॅक्टरवाला मदतीला येतो तेव्हा तो साखळी आणतो आणि हाताला लागेल त्या दांड्यात अडकवतो. तो दांडा स्टिअरिंगचा टाय रॉड निघाला की गाडी चिखलातून निघते पण चाकं दोन दिशांना बघतात. साखळी कुठे लावायची ते स्वतः खाली वाकून दाखवा आणि बाकीच्यांना लांब उभं करा.

बुकिंगच्या कागदावर ‘एमएक्स५ डिझेल मॅन्युअल फोर बाय फोर’ असं पूर्ण लिहून घ्या, कारण त्याच नावाची टू व्हील ड्राइव्हही विकली जाते. ताबा घेताना फोर-लो टाकून पाहा, डिफ लॉकचं बटण दाबून मीटरवरचा दिवा बघा, चारही टायरवरचं माप वाचा आणि स्टेपनीचं मापही त्यांच्याशी जुळतं का ते पाहा.