अल कपोन ठेव बाजूला, आत्याचं बोल

परवा आमच्या फॅमिली ग्रुपवर परत दारूबंदीवरून जुंपली. विषय चंद्रपूरचाच, २०१५ च्या १ एप्रिलला जिल्ह्यात बंदी आली आणि २०२१ मध्ये सरकारने उठवली, तेव्हापासून दर दोन-चार महिन्यांनी कोणीतरी ते उकरून काढतंच. नागपूरच्या दादाने नेहमीसारखा अल कपोनचा (अमेरिकेतल्या दारूबंदीत चोरट्या दारूवर मोठा झालेला गुंड) फोटो टाकला, खाली लिहिलं "अमेरिकेत फसली, इथे काय डोंबल होणार", आणि मग मला टॅग करून, "तू तर तिकडेच आहेस ना, सांग यांना."

मी ओहायोत असतो, कोलंबसजवळ, वीसेक वर्षं झाली. म्हटलं सांगतो, पण दादाला हवंय ते नाही.

माझ्या घरापासून गाडीने पंधरा मिनिटांवर वेस्टरव्हिल म्हणून गाव आहे. १९०९ पासून अँटी-सलून लीग या दारूबंदीवाल्या संघटनेचं मुख्य ऑफिस तिथे होतं (सलून म्हणजे दारूचा गुत्ता हां, केस कापायचं नाही) आणि त्यांच्या छापखान्यातून दारूविरोधी पत्रकं अख्ख्या देशात जायची. त्याआधी १८७५ मध्ये एकाने गावात सलून उघडलं तर लोकांनी बारूद लावून उडवून दिलं, त्याने १८७९ ला परत धंदा मांडला तर परत उडवलं. गावाच्या जुन्या भागात पुन्हा कायदेशीर बीअर विकली गेली ती थेट २००६ मध्ये, मी नवीन आलो तेव्हा तिथे पिझ्झ्यासोबत कोकच घ्यावा लागायचा. तिथल्या लायब्ररीत लीगची जुनी पोस्टरं बघायला मिळतात. मी पोराला घेऊन गेलो होतो, त्याला वाटलं गँगस्टर, बंदुका वगैरे असतील. होती ती बायका आणि पोरं.

कारण सगळं सुरूच घरातून झालं होतं. १८३० च्या आसपास अमेरिकेत पंधरा वर्षांवरचा माणूस वर्षाला सरासरी २७ लिटरच्या आसपास शुद्ध अल्कोहोल रिचवत होता, आणि ही सरासरी, म्हणजे न पिणाऱ्या बायका धरून. पुढे कारखाने आले, सलून आली, बऱ्याच सलूनमागे पैसा बीअर कंपन्यांचा. पगाराचा चेक वटवायचा कुठे तर सलूनमध्ये! जेवण फुकट, पण खारट, म्हणजे तहान लागलीच पाहिजे. बाप घरी असेल तर पोरं पत्र्याचा डबा घेऊन बीअर आणायला जायची. आणि बायकोला घटस्फोट अवघड, मताचा हक्क नाही, एकोणिसाव्या शतकात बराच काळ बऱ्याच राज्यांत तिच्या स्वतःच्या कमाईवरसुद्धा नवऱ्याचाच हक्क.

हे वाचताना मला वरोऱ्याजवळची आमची आत्या आठवते. मामाजी (आमच्याकडे आत्याच्या नवऱ्याला मामाजीच म्हणतात) कोळसा खाणीत होते, पगाराच्या दिवशी आत्या मोठ्या पोराला गेटवर उभं करायची, पाकीट गुत्त्याच्या आधी घरी यावं म्हणून. तिच्या शिवणाचे पैसे तांदळाच्या डब्यात तळाशी असायचे. मामाजींना तो डबा माहीत होता. मग तुरीच्या डाळीचा डबा, मग देवघरातल्या फोटोच्या मागे. मी सुट्टीत तिकडे गेलो की मला तो खेळच वाटायचा.

तर १८७३ च्या डिसेंबरात, नाताळच्या आदल्या दिवशी, इथल्याच हिल्सबरो गावात सत्तरेक बायका चर्चमधून निघाल्या आणि एकेका दारूच्या दुकानासमोर जाऊन गुडघे टेकून प्रार्थना करायला लागल्या, भर थंडीत. पुढे होती एलायझा थॉम्पसन, जजची बायको आणि माजी गव्हर्नरची मुलगी, म्हणजे ज्यांना आपण ‘चांगल्या घरची’ म्हणतो. ती लाट गावोगाव पसरली आणि पुढच्याच वर्षी क्लीव्हलंडला बायकांची मोठी संघटना उभी राहिली. २०१० मध्ये चिमूरहून नागपूरपर्यंत बायका बंदीसाठी चालत गेल्या होत्या, ते आठवतं का दादा? दारूचं दुकान बंद करायच्या मतदानात आडव्या बाटलीवर शिक्का मारायला रांगा लावणाऱ्या बायका? त्यातल्या एकीलाही अल कपोन माहीत नव्हता, आपलं घर माहीत होतं.

आता ‘फसली’चं. १९२० ला बंदी लागू झाली, १९३३ ला गेली. या काळात काय झालं? लिव्हर सिरोसिसने मरणारे पुरुष १९११ मध्ये लाखामागे २९.५ होते ते १९२९ ला १०.७ वर आले. (सगळं श्रेय बंदीचं नाही, आकडा आधीपासून उतरत होता.) दारूच्या वेडेपणामुळे सरकारी मनोरुग्णालयात भरती होणारे निम्म्याहून कमी झाले. दारू महाग झाली, मजूर कमी प्यायला लागला, श्रीमंताने आधीच तळघर भरून ठेवलं होतं. म्हणजे कित्येक घरांत पगाराचं पाकीट खरंच घरी पोचलं असणार, आणि हे दादाच्या फोटोत दिसत नाही.

पण दुसरी बाजूही घरातलीच आहे आणि ती बंदीवाल्यांना आवडणार नाही. सलून बंद झालं तशी दारू स्वयंपाकघरात शिरली, तळघरात गाळायची, मागच्या दाराने विकायची, विकणारी कित्येकदा बाईच. मिशिगनमध्ये लॅन्सिंगच्या एटा मे मिलरला १९२८ मध्ये दोन पाइंट दारू विकली म्हणून जन्मठेप झाली. चौथा गुन्हा होता म्हणून. दहा मुलांची आई! (पुढे सुटली.) १९३० मध्ये ‘जेक’ नावाच्या भेसळीच्या आल्याच्या अर्काने हजारो गरिबांचे पाय कायमचे गेले. शेवटी बंदी उठवा म्हणून ज्या संघटनांनी रान उठवलं त्यात पॉलिन सेबिनची बायकांचीच संघटना होती, तीसुद्धा म्हणत होती मुलाबाळांसाठीच. भेसळीला बंदीच लागते असं नाही हे मात्र खरं, मुंबईच्या मालवणीत २०१५ ला शंभराहून जास्त माणसं गेली तिथे कुठे बंदी होती.

आणि जो अट्टल पिणारा, त्याचं काय? इथून दोन तासांवर ॲक्रनला डॉ. बॉब स्मिथचं घर आहे, हे अल्कोहोलिक्स ॲनॉनिमसच्या (दारू सोडू पाहणाऱ्यांची संघटना) दोन संस्थापकांपैकी एक. त्यांनीच पुढे सांगून ठेवलंय की बंदी आली तेव्हा वाटलं, चला सुटलो. पण डॉक्टरांना औषधाच्या नावाखाली हवं तेवढं अल्कोहोल मिळायचं. (आपल्याकडेही कागदोपत्री परमिट ‘आरोग्य राखण्यासाठी’च असतं, हसू नका.) बाटल्या कुठे लपवायचे तर कोळशाच्या पेटीत, दाराच्या चौकटीवर, तळघराच्या तुळईवर. टॉयलेटच्या टाकीत मात्र कधी ठेवली नाही, फार सोपी जागा वाटली म्हणून, आणि नंतर कळलं की बायको ती टाकी नेहमी तपासायची. ॲन तिचं नाव. ती टाकीचं झाकण उचलून बघत असेल तो क्षण माझ्या डोक्यातून जात नाही, कारण आमची आत्या संध्याकाळी गोठ्यातल्या कुटाराच्या ढिगात हात घालून बघायची. डॉ. बॉब दारूतून सुटले ते १० जून १९३५ ला, म्हणजे दारू परत कायदेशीर झाल्यावर! सुटले ते पूर्वी अट्टल पिणाऱ्या दुसऱ्या एका माणसाने समोर बसून स्वतःचा अनुभव सांगितला म्हणून.

चंद्रपूरच्या बंदीत मामाजी पहिले सहा महिने कोरडे होते. मग पव्वा दुप्पट-तिप्पट भावाने घरपोच यायला लागला, नाहीतर वर्धा नदी ओलांडली की वणी, तिकडे सगळं चालूच. आत्याला विचारलं तर म्हणते, "बंदी होती तेव्हा निदान बसस्टँडवर पडून तर नव्हते राहत." लगेच पुढे, "पण पैसे जास्त गेले."

मग मला काय हवंय? इथल्या इतिहासातून मी एकच गोष्ट उचलेन, आणि तिचं नाव कोणी घेत नाही. ओहायोने १८५४ मध्ये कायदा केला होता, पुढे तो अडेअर लॉ म्हणून ओळखला गेला, पिणाऱ्यामुळे घराचं नुकसान झालं तर बायको-मुलांना विकणाऱ्यावर दावा लावता येईल. १८७२ ला स्प्रिंगफील्डमध्ये एलायझा स्ट्युअर्ट (ही दुसरी एलायझा) अशाच एका बायकोसाठी ज्युरीपुढे उभी राहिली आणि केस जिंकली. त्याची नातवंडं आजही इथल्या कायद्यात आहेत. आमच्या ऑफिस पार्टीत एकदा बारवाल्याने एका कलीगचा ग्लास सरळ काढून घेतला, "आता पाणी." त्याला समाजसेवा करायची नव्हती, वकिलाची भीती होती.

मान्य आहे, वरोऱ्याच्या कोर्टात आत्या दुकानदारावर केस टाकणार, तारखा घेणार, वकिलाची फी देणार, हे म्हणताना मलाच कसंतरी होतं. पण लायसन्स देताना सरकार कर मोजतं, बंदी घालताना मतं मोजतं, तांदळाच्या डब्यातले पैसे मोजायला दोन्ही वेळेला कोणी नसतं. परवाना हवा तर विकणाऱ्याने एक ठेव ठेवावी, आणि गावातल्या बायकांनी तक्रार केली की त्यातून कापून घरी द्यावी, एवढं तरी करून बघायला काय हरकत आहे?

हे सगळं मी ग्रुपवर टाकलं, आठ मेसेज झाले. वहिनीने फक्त विचारलं, "ठेव किती?" दादा अजून टायपिंगच दाखवतोय.