मीटर नाही, आधी स्टॉपर पाहा
जुनी स्पोर्ट बाईक घेताना आधी किलोमीटर पाहा, असं एका लेखात वाचलं. मी म्हणतो, मीटर सगळ्यात शेवटी पाहा भाऊ.

गेल्या उन्हाळ्यात भाच्यासाठी यामाहाची आर१५ व्ही३ बाईक पाहायला नागपुरात सक्करदऱ्याला गेलो होतो. मीटरवर फक्त १४,००० अन् रंग चकाचक. पण आम्ही पोहोचायच्या आधीच इंजिन गरम करून ठेवलेलं, म्हणजे थंड असताना कसं सुरू होतं ते कळायला मार्गच नाही. हँडल पूर्ण डावीकडे वळवलं तर चेसिसवरचा स्टॉपर, म्हणजे हँडल जास्त वळू नये म्हणून असलेला अडथळा, चेपलेला. म्हणजे गाडी समोरून जोरात आपटली होती, वरून नवीन फेअरिंग (बाहेरचं प्लास्टिकचं आवरण) चढवलं होतं. फोर्कच्या, म्हणजे पुढच्या शॉकअपच्या, नळीवर बोट फिरवलं तर तेलाची ओल, म्हणजे गळती. भाच्याचं तोंड उतरलं, पण आम्ही तसेच परतलो.

अन् आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांपर्यंत जातो. लिक्विड-कूल्ड (कूलंटने इंजिन थंड ठेवणारी) गाडी जागेवरच दहा-पंधरा मिनिटं चालू ठेवा, रेडिएटरचा पंखा लागतो का ते कान देऊन ऐका.

गाडी कर्जावरची असेल तर बँकेची एनओसी (ना-हरकत पत्र) अन् आरसीवरून कर्जाची नोंद काढायचा फॉर्म ३५ हातात आल्याशिवाय टोकनसुद्धा देऊ नका.