जुन्या माणसाची ओळख

साताऱ्याच्या पोवई नाक्यावरून संगणकासाठी नवा प्रोसेसर घेऊन येताना मी पावशेर कंदी पेढेही आणले. पेढ्यांची जरा घाईच झाली, हे आधी कबूल करतो. माझा मदरबोर्ड २०१८ सालचा आणि प्रोसेसर नोव्हेंबर २०२० मध्ये बाजारात आलेल्या रायझन ५००० मालिकेतला, पण दोघांचे सॉकेट (बोर्डावरची प्रोसेसर बसवायची खाच) एकच, एएम४ प्रकारचे, म्हणजे पत्रिका जुळलेली. कोपऱ्यातला सोनेरी त्रिकोण सॉकेटवरच्या त्रिकोणासमोर आणून मी श्वास रोखला, आणि १,३३१ पिना एकही न वाकता आपापल्या भोकात उतरल्या. पंखे फिरले, दिवे लागले. स्क्रीन मात्र काळाच राहिला.

"बायोस जुना आहे, साहेब," दुकानदार फोनवर म्हणाले. वीज मिळताच सर्वांत आधी जागा होणारा हा बोर्डावरचा प्रोग्राम. त्याच्या माहितीत जो प्रोसेसर नाही, त्याला तो घरात घेत नाही. बायोस नवा करायचा, तर आधी ओळखीचा प्रोसेसर बसवून यंत्र चालू करावे लागते (काही बोर्डांवर प्रोसेसरशिवाय हे काम करणारे बटण असते, माझा बोर्ड घेताना मी तिथेच पैसे वाचवले होते). आणि तो ओळखीचा प्रोसेसर मी गेल्याच आठवड्यात कोरेगावच्या भाच्याला मोठ्या मनाने देऊन टाकला होता.

"मामा, दिलेली वस्तू कुणी परत मागतं का?" असे म्हणत भाचा भर पावसात तो घेऊन आला. पेनड्राइव्ह फॅट३२ पद्धतीने फॉरमॅट केलेला नसल्याने बायोसला त्यातली फाइल दिसेना, यात अर्धा तास गेला. मग पडद्यावर सूचना आली, की अपडेट चालू असताना वीजपुरवठा बंद करू नये. ही सूचना मला देऊन काय उपयोग? जुलैतल्या साताऱ्यात ती विजेलाच द्यायला हवी. घरात इन्व्हर्टर आहे, पण वीज गेल्यावर तो क्षणभर विचार करतो, आणि बोर्ड कायमचा निकामी व्हायला तेवढा क्षण पुरतो. मी मिक्सर, इस्त्री आणि गीझर यांवर बंदी घातली. सदतीस टक्क्यांवर ट्यूबलाइट फडफडली, तेव्हा सौ.नी देवाजवळ दिवा लावला. मीही विज्ञानाचा आग्रह धरला नाही.

शंभर टक्के झाले, प्रोसेसर पुन्हा बदलला, आणि अखेर नव्याचे नाव स्क्रीनवर झळकले.

"मग मी माझा प्रोसेसर घेऊन निघू?" भाच्याने विचारले.

"एवढ्या पावसात कुठे जातोस," मी प्रोसेसरची डबी खिशात टाकत म्हणालो, "आज मुक्काम कर."