तुरटीने जाणारी खाज नाही ही

आमच्या बायकांच्या ग्रुपवर तो फॉरवर्ड पुन्हा आलाय. पाळी गेल्यावर ‘त्या जागी’ खाज सुटून कातडी पांढरी पडली, तर ती अस्वच्छतेची बुरशी. तीनदा तुरटीच्या पाण्याने धुवा, सुती चड्डी घाला, लागण होते म्हणून नवऱ्यापासून लांब राहा आणि स्टिरॉइडचं मलम अजिबात नको. खाली जोडलेले हात.

या लक्षणांमागे अनेकदा लायकेन स्क्लेरोसस हा कातडीचा जुनाट आजार असतो. मला तो सहा वर्षं आहे.

अस्वच्छता? यात प्रतिकारशक्ती आपल्याच कातडीवर उलटते, असं मानतात. तो न्हाण न आलेल्या मुलींनाही होतो, पुरुषांनाही. पाच वर्षांच्या पोरीला अंघोळीवरून बोलणार का?

बुरशीही नाही. कातडी सिगारेटच्या कागदासारखी पातळ, चुरगळलेली दिसते, चिरा पडतात, रात्री खाज झोपू देत नाही. (कोडात फक्त रंग जातो, पोत तसाच राहतो.) मी आठ महिने बुरशीचं मलम चोपडलं, कारण तपासून कुणी बघितलंच नाही. डॉक्टरांनी समोरच्या खुर्चीत बसवूनच चिठ्ठी लिहिली. तुरटीही करून पाहिली. चिरांवर ती कशी झोंबते ते विचारू नका. आता साधं पाणी आणि व्हॅसलीन.

लागण होत नाही. संबंध दुखतात, ते वेगळं.

स्टिरॉइडची भीती मात्र उगाच आलेली नाही. गजकर्णावर दुकानातली स्टिरॉइड मिसळलेली क्रीमं लावून आपल्याकडे लोकांनी कातडीची वाट लावलीय. पण निदान पक्कं झालं की इथे क्लोबेटासोल हे जोरकस स्टिरॉइड मलम हाच पहिला इलाज. साधारणपणे महिनाभर रोज रात्री, मग एकाआड एक, मग आठवड्यातून दोनदा. बोटाच्या पेरावर मावेल एवढंच. ३० ग्रॅमची ट्यूब तीन महिने पुरते. न लावल्यास योनीचे आतले ओठ सपाट होत जातात, तोंड आवळतं, आणि शंभरात पाचांहून कमी जणींना तिथे कर्करोग होतो. ऑस्ट्रेलियात ५०७ बायकांवरचा अभ्यास २०१५ मध्ये आला: नेमाने मलम लावणाऱ्यांत एकीलाही तो झाला नाही, टाळाटाळ करणाऱ्या १५० जणींत सातजणींना कर्करोग किंवा त्याची पूर्वअवस्था आढळली. म्हणून खाज थांबली तरी माझी ट्यूब कपाटात असते, आणि न भरणारी जखम किंवा गाठ दिसते का, ते मी आरसा धरून बघते.

सुती चड्डीचं तेवढं बरोबर आहे.